जुनी एलपी कुठून घ्यावी: गल्लीतलं दुकान की ऑनलाइन?

टर्नटेबल घरात आलंय, सुई बरी आहे आणि आता रेकॉर्डी जमवायच्या आहेत, असं धरून चालतो. नव्या सीलबंद रेकॉर्डसाठी फार डोकं खाजवू नका, खुशाल ऑनलाइन मागवा. खरा पेच जुन्या मालाचा. डमडमच्या कारखान्यातून निघालेल्या एचएमव्हीच्या एलपी, नाट्यसंगीत, भावगीतं, मैफलीतले राग, हे सगळं आता कुणाच्या तरी माळ्यावरून उतरून बाजारात येतं.

निवडीत ऑनलाइनचा हात धरणारं कुणी नाही. डिस्कॉग्ज या रेकॉर्डींच्या वेबसाइटवर कॅटलॉग नंबर टाका, ईसीएलपी क्रमांकाची मोनो आवृत्ती की ईसीएसडी क्रमांकाची स्टीरिओ ते कळतं, आधी कितीला विकली गेली तेही दिसतं. दुकानात यातलं काही नाही. तिथे यादी नसते, भाव बरेचदा गिऱ्हाइकाचा चेहरा बघून ठरतो आणि दुपारी गेलात तर शटर अर्धं खाली. चोर बाजारात मटन स्ट्रीटला तासभर गठ्ठे उपसलेत की शिंका वेगळ्या.

तरी माझं मत दुकानाकडे झुकतं, ते एका वैतागामुळे. ऑनलाइन विक्रेते रेकॉर्डला 'व्हीजी प्लस' (व्हेरी गुड प्लस) वगैरे दर्जा देतात तो बहुधा नुसता बघून. चरे डोळ्यांना दिसतात, सुई जिच्यातून फिरते ती झिजलेली खाच दिसत नाही. आपल्याकडच्या एलपी आयुष्यभर फिएस्टासारख्या प्लेअरवर वाजल्या. त्यांच्या सिरॅमिक कार्ट्रिजचा (सुई धरणाऱ्या भागाचा) रेकॉर्डवरचा भार आजच्या दीड-दोन ग्रॅमच्या दुप्पट-तिप्पट, आणि सुई बदलायची पद्धत कमीच. त्यात एलपीच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटीमीटर सरकते, लेबलजवळ जेमतेम २१. तेवढ्याच आवाजाला तिथे निम्म्याहून कमी जागा मिळते, म्हणून झीज सगळ्यात आधी तिथे ऐकू येते. पहिलं गाणं स्वच्छ, आणि शेवटच्या पदात तान वर गेली की आवाज फाटतो. माझ्याकडे आलेली एक चकचकीत एलपी अशीच निघाली. विक्रेत्याचं उत्तर: 'फोटोत चरा दाखवा.' फाटलेल्या आवाजाचा फोटो कसा काढायचा?

दुकानात हा वादच उद्भवत नाही. रेकॉर्ड ट्यूबलाइटखाली तिरकी धरायची, कव्हरमधली रेकॉर्ड कव्हरचीच आहे ना ते लेबलवरच्या नंबरावरून पडताळायचं (अदलाबदल फार असते), आणि मालकाला सांगायचं, 'शेवटचं गाणं लावा.' पहिलं नाही. चांगला दुकानदार हे ऐकून तुमच्याकडे जरा आदराने बघतो आणि पुढच्या खेपेला खालच्या खोक्यातला माल वर काढतो. कुठल्या गायिकेच्या कुठल्या एलपीची कुठली बाजू कायम झिजलेली येते, हे त्याला तोंडपाठ असतं. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे गाण्यांचं दुकान २०१६ साली बंद झालं तेव्हा हळहळ झाली ती मुख्यतः असं सांगणारी माणसं पांगणार म्हणून.

अर्थात हा माझ्या कानांचा आणि माझ्या आवडीचा हिशेब. तुम्ही जॅझ किंवा परदेशी रॉक जमवत असाल, तर कदाचित उलटं पडेल. तो माल गल्लीत क्वचितच सापडतो आणि बाहेरचे विक्रेते दर्जाबाबत जरा काटेकोर असतात, असा माझा अनुभव. जवळपास दुकानच नसेल, तर विक्रेत्याकडे शेवटच्या गाण्याचं मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग मागा. टाळाटाळ करणाऱ्याकडून घेऊ नका. एप्रिल-मे टाळलेलं बरं, उन्हात तापलेल्या टेम्पोत विनाइल वाकतं.

७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जुन्या तबकड्यांना मात्र पार्सल नकोच. लाखेचा माल, एका आदळण्यात दोन तुकडे. त्या दुकानातूनच घ्या, आणि टॅक्सीत मांडीवर ठेवून आणा.