आयक्यू, एलडी की न्यूरोसायकॉलॉजी: कोणती चाचणी करून घ्यावी?

"मॅडम, याची आयक्यू टेस्ट करून घेऊ का?" शाळेत समुपदेशक म्हणून काम करताना हा प्रश्न मी सगळ्यात जास्त ऐकते. मूल तिसरी-चौथीतलं असतं. तोंडी उत्तरं पटापट देतं, पण वही अर्धी कोरी आणि वाचायला उभं केलं की अडखळतं. आयक्यू हा शब्द ओळखीचा, म्हणून पालक तिकडे धावतात. मी आधी एवढंच विचारते, की रिपोर्ट हातात आल्यावर तो दाखवणार कुणाला? बोर्डाला, शिकवणाऱ्या बाईंना, की न्यूरॉलॉजिस्टना? कोणती चाचणी घ्यायची ते या उत्तरावर ठरतं.

आयक्यूपासूनच सुरुवात करू. आपल्याकडे मुलांसाठी मुख्यतः तीन चाचण्या वापरात आहेत. बिने-कामत ही सर्वांत जुनी. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांच्या चाचणीचं हे मराठी-कन्नड मुलांसाठी केलेलं रूपांतर. दुसरी मालिनची, जिला सगळे 'मिसिक' म्हणतात. नागपूरच्या डॉ. आर्थर मालिन यांनी ती १९६९ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ वेक्स्लर यांच्या चाचणीवरून बेतली. तिसरी म्हणजे वेक्स्लरची चौथी आवृत्ती, भारतीय मानकांसह, म्हणजे आपल्याकडच्या त्या-त्या वयाच्या मुलांना सरासरी किती गुण पडतात त्या तक्त्यांसह आलेली. मालिनची चाचणी मराठीतून घेता येते, खर्च कमी येतो आणि सरकारी रुग्णालयांत ती सर्रास चालते. अडचण आहे ती मानकांची. ती पन्नास वर्षांहून जुनी आहेत. जगभर पिढीगणिक या चाचण्यांतले गुण वाढत गेले, दर दशकाला साधारण ३, त्यामुळे जुन्या मानकांवर मोजलेला आयक्यू फुगून येतो. ७० च्या खाली बौद्धिक अक्षमता, ७० ते ८५ सीमारेषा असं धरतात; या सीमांजवळच्या मुलाच्या बाबतीत या फुगवट्याने निदानच बदलू शकतं.

वेक्स्लरमध्ये एकूण आकड्यासोबत चार वेगळे निर्देशांक मिळतात: शाब्दिक आकलन, दृश्य तर्क, कार्यकारी स्मृती (माहिती थोडा वेळ मनात धरून तिच्यावर काम करणं) आणि प्रक्रियेचा वेग. शाब्दिक आकलन ११८ आणि वेग ८२ असलेल्या मुलाचा एकूण आकडा शंभराच्या आसपास येतो आणि 'सगळं ठीक आहे' असं वाटून बसतं. खरी माहिती असते ती त्या दोन आकड्यांमधल्या दरीत. म्हणून परवडत असेल तर मी वेक्स्लर सुचवते. पण मूल मराठी माध्यमातलं असेल आणि समोरची व्यक्ती त्याची चाचणी इंग्रजीतून घेणार असेल, तर चांगलं मराठी बोलणाऱ्या परीक्षकाने घेतलेली मालिन कधीही बरी. मुलाला प्रश्नच कळला नसेल, तर मोजलं काय?

आता एलडी, म्हणजे विशिष्ट अध्ययन अक्षमता. इथे आयक्यू ही फक्त पहिली पायरी. बुद्धिमत्ता सीमारेषेवरची असल्यामुळे अभ्यास मागे पडतोय की बुद्धिमत्ता चांगली असूनही वाचन-लेखन-गणितात अडतंय, हे त्यातून वेगळं करता येतं. त्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या. चष्मा लागल्यावर निम्मी तक्रार गेलेली मुलं मी पाहिली आहेत. पुढे वाचन, शुद्धलेखन, आकलन आणि गणित यांची सविस्तर तपासणी होते, बहुतेकदा निमहान्स या बेंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या एलडी चाचणीसंचावर. मराठीतून शिकणाऱ्या मुलांसाठी 'डाली' हे साधन मुद्दाम विचारून घ्या. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ते हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत तयार केलं आहे. देवनागरीत मुलं वेलांटी, मात्रा, जोडाक्षरांत चुकतात. इंग्रजी स्पेलिंगच्या चाचणीत यातलं काहीच दिसत नाही.

सरकारी की खाजगी, यावर पालकांची सगळ्यात जास्त ओढाताण होते. परीक्षेतल्या सवलतींसाठी सर्टिफिकेट हवं असेल, तर शेवटी अधिकृत सरकारी रुग्णालयातच जावं लागतं. मुंबईत सायन आणि नायर, पुण्यात ससून ही नावं पालकांना माहीत असतात. महाराष्ट्राने एलडी असलेल्या मुलांना १९९६ पासूनच सवलती दिल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एलडीला २१ अक्षमतांच्या यादीत जागा मिळाली. जादा वेळ, लेखनिक, कॅल्क्युलेटर, विषयाचा पर्याय असं बरंच काही या कागदावर अवलंबून असतं. २०१८ च्या केंद्रीय सूचनांत हे प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षानंतरच द्यायचं आणि १४ व १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी करायची असं ठरलं होतं. पैसे फारसे लागत नाहीत, वेळ मात्र लागतो. तारखेसाठी महिनोन्महिने थांबावं लागतं, फेऱ्या होतात आणि रिपोर्ट बहुतेकदा त्रोटक असतो. खाजगीत काही हजार रुपये जातात. पण चांगल्या ठिकाणी पंधरा पानांचा रिपोर्ट मिळतो, त्यात मुलाला शिकवायचं कसं ते लिहिलेलं असतं आणि कुणीतरी तासभर बसून ते समजावून सांगतं. मूल आठवी-नववीत असेल तर आजच सरकारी रांगेत उभे राहा. दुसरी-तिसरीत असेल तर सर्टिफिकेटची घाई नको. आधी चांगली तपासणी करून घ्या आणि रेमेडियल, म्हणजे मुलाच्या अडचणीनुसार वेगळं शिकवणं, सुरू करा.

लक्ष न लागणं, चंचलता एवढीच तक्रार असेल, तर एकट्या चाचणीवर एडीएचडीचं निदान होत नाही. घरची आणि शाळेची माहिती, प्रश्नावल्या आणि डॉक्टरांची मुलाखत हे सगळं मिळून ते ठरतं.

न्यूरोसायकॉलॉजिकल तपासणीचा प्रांत वेगळा. मुलाला फिट्स येत असतील, डोक्याला मार लागला असेल, मेंदूज्वर होऊन गेला असेल, तर 'बुद्धी किती' यापेक्षा 'मेंदूचं कोणतं काम अडलंय' हे कळायला हवं. स्मृती, लक्ष, भाषा, नियोजन, वेग यांची चार-सहा तासांची तपासणी असते आणि ती अनेकदा दोन दिवसांत विभागून घेतात. साध्या अभ्यासाच्या तक्रारीसाठी एवढा खर्च मला अनाठायी वाटतो.

मोठ्या माणसांच्या बाबतीत मात्र ही तपासणी फार उशिरा सुचते. माझ्या वडिलांना बासष्टाव्या वर्षी लहानसा स्ट्रोक झाला. एका दवाखान्यात दहा मिनिटांची एमएमएसई ही स्मृती आणि भान तपासणारी छोटी चाचणी घेतली, ३० पैकी २७ आले, 'नॉर्मल' म्हणून घरी पाठवलं. पण बाबांना वीजबिल भरायचं कसं ते सुचेना. दोन कामं एकत्र आली की ते गप्प बसून राहत. एमएमएसई ही चाळणी आहे. तारीख, वार, तीन शब्द एवढं आठवलं की गुण मिळतात, नियोजन आणि वेग त्यात जवळजवळ मोजलाच जात नाही. पुढे निमहान्सच्या २००४ च्या चाचणीसंचावर सविस्तर तपासणी झाली. त्याची मानकं १६ ते ६५ वयाची आहेत आणि शिक्षणाप्रमाणे वेगवेगळी आहेत, म्हणून सातवी शिकलेल्या बाबांची तुलना पदवीधरांशी झाली नाही. स्मृती शाबूत होती. वेग आणि नियोजन खालावलं होतं. आम्ही त्यांना 'आठवत नाही का?' म्हणत टोकत होतो, ते त्या दिवशी थांबलं. बिलांसाठी भिंतीवर तक्ता लावला आणि एका वेळी एकच काम सांगायला लागलो.

चाचणी घेणाऱ्याचा आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा, रिपोर्टवर तो असायला हवा. बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धिमत्ता आणि करिअर सांगणारी डीएमआयटी काही शाळांतूनसुद्धा गळ्यात मारली जाते. तिला शास्त्रीय आधार नाही, पैसे घालवू नका.

जाताना गेल्या दोन वर्षांच्या वह्या, प्रगतिपुस्तकं, जुने रिपोर्ट आणि औषधांची यादी न्या. चष्मा किंवा श्रवणयंत्र विसरू नका. आधीच्या चाचणीची तारीख सांगा, कारण तीच चाचणी वर्षाच्या आत पुन्हा दिली तर सरावाने गुण वाढतात. मुलाला 'परीक्षा आहे' असं सांगू नका. 'तुला कसं शिकवलं की सोपं जाईल ते ताई बघणार आहेत', असं सांगा आणि सकाळची वेळ घ्या, झोप झाल्यावरची.