धर्म जुळवणारी प्रश्नावली की प्रत्यक्ष भेट?

लातूरला शिकणाऱ्या माझ्या भाचीला आपल्या विचारांशी कोणता धर्म जुळतो हे जाणून घ्यायचे आहे. त्यासाठी ऑनलाइन प्रश्नावली सोडवावी की प्रत्यक्ष जाऊन पाहावे, असा तिचा प्रश्न आहे.

खर्चाचा मुद्दा किरकोळ आहे. ‘बिलीफ-ओ-मॅटिक’सारखी प्रश्नावली काही मिनिटांत सुटते, नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्यात लंगरही विनामूल्य असतो, फक्त प्रवासखर्च आणि एक दिवस लागतो.

खरा फरक अचूकतेत आहे. ईश्वराचे स्वरूप, मृत्यूनंतरचे जीवन, दुःखाचे कारण असे वीस प्रश्न विचारून ही प्रश्नावली टक्केवारीसह यादी देते. मात्र त्या यादीत प्रोटेस्टंट पंथांचे उदारमतवादी आणि परंपरानिष्ठ असे वेगळे गट असताना हिंदू धर्म एकाच ओळीत आटोपतो, त्यामुळे पैठणच्या नाथषष्ठीला पायी येणारा वारकरी आणि महानुभाव यांतला भेद तिथे उमटत नाही. शिवाय ती केवळ मते विचारते. पंगतीत कोण कोणाशेजारी बसते, स्त्रियांना कुठपर्यंत प्रवेश आहे, हे तिथे गेल्यावरच दिसते, आणि माझ्या मते निर्णय त्यावरच व्हावा. डॉ. आंबेडकरांनी 1935 मध्ये येवल्यात धर्मांतराची घोषणा केली आणि बौद्ध धम्माची दीक्षा 1956 मध्ये घेतली, म्हणजे असा निर्णय घाईने करायचा नसतो, हेही ध्यानात घ्यावे.

स्वतःच्या मनातले प्रश्न नेमके मांडायचे असतील, किंवा घरी हा विषय काढण्याची सोय नसेल, तर प्रश्नावली उपयोगी आहे. आचरण बदलण्याचा विचार असेल, तर प्रत्यक्ष भेटच घ्यावी, आणि तीही सणाचा दिवस सोडून.