व्हर्च्युअलबॉक्स: कासव कुठे बसले आहे ते आधी पाहा

युनिकोड रुळण्यापूर्वीच्या काळात पेजमेकर या पानमांडणीच्या प्रोग्राममध्ये लावलेल्या स्मरणिकांची आणि मासिकांची पाने आजही अनेक मराठी छपाई व्यावसायिकांकडे साठून आहेत. त्या फायली जुन्या फॉन्टसह, जशाच्या तशा उघडायच्या असतील तर जुनी विंडोज लागते, आणि त्यासाठी जुना संगणक जिवंत ठेवण्यापेक्षा नव्या संगणकाच्या पोटात आभासी संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणे अधिक सोयीचे पडते. या कामासाठी मी गेले वर्षभर ओरॅकलचे व्हर्च्युअलबॉक्स वापरतो आहे. यजमान म्हणून विंडोज 11 असलेला, 8 जीबी रॅमचा आणि चार कोअरचा लॅपटॉप आहे. पाहुणी प्रणाली म्हणून 32-बिट विंडोज 7 आणि तिच्यात पेजमेकर 7.0. व्हर्च्युअल मशीन मंद चालते ही सर्वांची तक्रार असते आणि सुरुवातीचे काही आठवडे माझीही होती, म्हणून हा अभिप्राय मुख्यतः वेगापुरताच ठेवला आहे.

पहिली चूक माझीच होती. मशीन मंद आहे म्हणजे तिला खायला कमी पडते आहे, असे गृहीत धरून मी तिची रॅम 2 जीबीवरून 5 जीबी केली आणि चारही कोअर तिच्या नावे लिहून दिले. 32-बिट विंडोज 7 ची किमान गरज अवघी 1 जीबी आहे, हे ठाऊक असूनही हात थांबला नाही. परिणाम असा झाला की यजमानाकडेच रॅम उरली नाही, तो डिस्कवर अदलाबदल करत बसला आणि त्याच्या जिवावर चालणारी पाहुणी आणखी रखडली. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! सेटिंगमधील पट्टीवर हिरवा, नारिंगी आणि लाल असे भाग याचसाठी रंगवलेले असतात. हिरव्याच्या बाहेर जाऊ नये. कोअरच्या बाबतीत तर आकडा प्रत्यक्ष कोअरपेक्षा मोठा ठेवू नये असे पुस्तिकेतच सांगितले आहे, आणि पेजमेकरसारख्या जुन्या प्रोग्रामला तसाही एकाहून अधिक कोअरचा फारसा उपयोग करता येत नाही. अखेर मी 2 जीबी आणि दोन कोअरवर परत आलो. त्याने लॅपटॉप सुधारला, पण पान सरकवताना माउसच्या मागून चित्र येण्याचा प्रकार तसाच राहिला.

खरे उत्तर खिडकीच्या खालच्या पट्टीत, उजव्या कोपऱ्यात होते. मशीन चालू असताना तेथे प्रोसेसरच्या चिपचे चिन्ह दिसते; माझ्याकडे त्या जागी हिरवे कासव होते. त्याचा अर्थ समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. व्हर्च्युअलबॉक्स प्रोसेसरमधील आभासीकरणाची सोय, इंटेलची व्हीटी-एक्स किंवा एएमडीची एएमडी-व्ही, थेट वापरते, 6.1 या आवृत्तीपासून तर तिच्याविना मशीन चालवण्याचा जुना मार्गच काढून टाकला आहे. विंडोज 11 मध्ये मात्र मेमरी इंटिग्रिटी नावाचे संरक्षण अनेक नव्या संगणकांवर आधीपासूनच चालू असते, आणि ते मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या हायपरव्हायझरवर, म्हणजे आभासी संगणक चालवणाऱ्या हायपर-व्हीच्या थरावर, उभे असते. तो एकदा त्या सोयीवर बसला की व्हर्च्युअलबॉक्सला तिच्यापर्यंत सरळ पोहोचता येत नाही. त्याला मायक्रोसॉफ्टच्या मध्यस्थामार्फत काम करून घ्यावे लागते. हा पर्याय 6.0 मध्ये आला. मशीन सुरूच होणार नाही त्यापेक्षा तो बराच, पण मध्यस्थाची दलाली वेगातून कापली जाते, आणि कासव नेमके तेच सांगत असते. इतक्या महत्त्वाच्या गोष्टीला इतके लहान चिन्ह द्यावे हे मला पटलेले नाही. माझ्यासारखा माणूस त्याला शोभेचे समजून पुढे जातो.

कासव घालवायचे असेल तर विंडोज सिक्युरिटीत कोअर आयसोलेशनखालील मेमरी इंटिग्रिटी बंद करावी लागते, विंडोजच्या वैकल्पिक सोयींमधून हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म आणि विंडोज हायपरव्हायझर प्लॅटफॉर्म यांवरील खुणा काढाव्या लागतात, आणि तरीही ते बसून राहिले तर प्रशासकाच्या अधिकाराने बीसीडीएडिट आज्ञा वापरून हायपरव्हायझर सुरू होणेच थांबवावे लागते. त्यानंतर संगणक पुन्हा सुरू करायचा. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे साधन, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी हाताशी ठेवावी. विंडोजच्या आत लिनक्स चालवणारे डब्ल्यूएसएल 2 आणि त्यावर चालणारे डॉकर यानंतर चालणार नाही, हे विकासकांनी लक्षात घ्यावे. मुख्य म्हणजे आपण एक खरे संरक्षण काढून टाकत आहोत. माझा हा लॅपटॉप केवळ छपाईच्या कामाचा आहे, बँकेचे व्यवहार दुसरीकडे होतात, म्हणून मी हे केले. घरात एकच संगणक असेल तर मी कासवच पत्करले असते. बदलानंतरचा फरक मोजायला घड्याळ लागले नाही. पाने हाताबरोबर सरकू लागली.

उरलेली सुधारणा पाहुण्या प्रणालीच्या आतली आहे. गेस्ट अ‍ॅडिशन्स, म्हणजे पाहुण्या प्रणालीत बसवायचे व्हर्च्युअलबॉक्सचे पूरक ड्रायव्हर, बसवल्याशिवाय पडदा आणि माउस यांची चाल कधीच सुधारत नाही, शिवाय सामायिक फोल्डरही त्यातूनच मिळतो. मशीनचे नेटवर्क मी पूर्ण तोडले आहे, कारण विंडोज 7 चा आधार जानेवारी 2020 मध्येच संपला. त्याबरोबर तिची अपडेट सेवाही बंद केली, जी मागे बसून प्रोसेसर खात राहण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. स्नॅपशॉट, म्हणजे मशीनच्या त्या क्षणीच्या स्थितीच्या जतन केलेल्या प्रती, साठवण्याचा मोह आवरावा, कारण प्रत्येक स्नॅपशॉटबरोबर वेगळी फरक-फाइल तयार होते आणि एखादी गोष्ट वाचण्यासाठी ती सगळी साखळी धुंडाळावी लागू शकते. डिस्क स्थिर आकाराची असावी की वाढत्या, यावर फार वेळ घालवू नये. ती फाइल एसएसडीवर आहे की फिरत्या हार्ड डिस्कवर, हा प्रश्न कितीतरी मोठा आहे.

दुसऱ्या पर्यायांचा विचार केला नाही असे नाही. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो नोव्हेंबर 2024 पासून सर्वांना मोफत आहे, पण हायपर-व्ही चालू असलेल्या यजमानावर तेही मायक्रोसॉफ्टच्या मार्गानेच जाते, तेव्हा नुसते दुकान बदलून वेग मिळेल असे नाही. स्वतः हायपर-व्ही विंडोजच्या होम आवृत्तीत मिळत नाही आणि त्यात यूएसबी वस्तू सरळ पाहुण्या प्रणालीकडे सोपवता येत नाही. माझ्या फॉन्ट संचाचे कुलूप म्हणजे एक यूएसबी डोंगल असल्यामुळे तो मार्ग तेथेच संपला. व्हर्च्युअलबॉक्समध्ये यूएसबी 2 आणि 3 ची सोय 7.0 पासून मूळ पॅकेजमध्येच आहे. ते पॅकेज मुक्त परवान्याखाली असल्याने व्यवसायातही चालते. जादा सोयी देणाऱ्या वेगळ्या एक्स्टेन्शन पॅकचा परवाना मात्र वेगळा आहे आणि तो केवळ वैयक्तिक, शैक्षणिक व चाचणीच्या वापरासाठी मोफत असल्याने छपाई व्यावसायिकांनी ते सहज म्हणून बसवू नये. माझ्या कामात त्याची गरजही पडलेली नाही.

जुन्या फायली उघडून त्यांची पीडीएफ करणे एवढेच काम असेल तर 8 जीबीच्या लॅपटॉपवर हे साधन पुरते, मी ते निःशंकपणे सुचवीन. रोज आठ तास त्यातच बसून पाने लावायची असतील तर 16 जीबीची तयारी ठेवावी. विंडोजचे मोठे अपडेट येऊन गेले की मी पेजमेकर उघडण्याआधी खालच्या उजव्या कोपऱ्यात एकदा नजर टाकून घेतो.