बाटलीच्या तळाशी काहीच बसले नाही

कर्नाटकाच्या सीमेवरच्या निपाणी भागात ऊस करणाऱ्या घराला डिझेल किती लागते, हे तिथल्या माणसाला सांगायला नको. नांगरट, उसाची वाहतूक आणि वीज गेल्यावर चालवायचे पाण्याचे इंजिन, या तिन्हींत माझे पैसे जातात. तेव्हा महाराष्ट्रापेक्षा इकडे डिझेल स्वस्त पडायचे म्हणून पलीकडच्या गाड्या आमच्या पंपांवर रांग लावायच्या आणि आम्ही मात्र त्याच पंपाच्या नावाने बोटे मोडायचो. अशा माणसाला कोणी “वापरलेल्या तेलापासून घरचे डिझेल, लिटरला 40 रुपये” असे सांगितले, तर तो निदान ऐकून तरी घेतो. मी ऐकून घेतले आणि 1,85,000 रुपये देऊन बसलो.

दोघे जण आले होते. एक मराठी बोलणारा, दुसरा शेजाऱ्यांशी अस्खलित कन्नडमध्ये बोलणारा. त्यांच्याजवळ हासन जिल्ह्यातील मादेनूरच्या जैवइंधन उद्यानाची छायाचित्रे होती, करंजाच्या म्हणजे इकडच्या होंगेच्या बियांची पाकिटे होती आणि केंद्र सरकारच्या 2018 च्या जैवइंधन धोरणाची प्रत होती. हे सगळे खरेच आहे आणि घोटाळाही तिथेच आहे. वनस्पती तेलावर इंजिन चालते, ही गोष्ट 1900 च्या पॅरिस प्रदर्शनातच भुईमुगाच्या तेलावर इंजिन चालवून दाखवली गेली होती. त्यामुळे त्यांच्या तोंडून निघालेले प्रत्येक वाक्य मी कोणाला विचारले असते, तरी बहुतेक वाक्ये खरीच ठरली असती. खोटे होते ते फक्त त्यांचे यंत्र.

प्रात्यक्षिक त्यांच्या शेडमध्ये झाले. वरच्या टाकीत भज्यांच्या गाड्यावरचे काळपट तेल ओतले, त्यात एक पांढरी पावडर आणि डब्यातले “बूस्टर” टाकले, हीटर लावला आणि 40 मिनिटांत खालच्या नळातून पिवळसर, पातळ इंधन काढून समोरच पाण्याचे इंजिन सुरू केले. त्यातले लिटरभर मी हौसेने बाटलीत भरून घरी आणले. पावडरीत काय आहे असे विचारल्यावर “मालक, ते आमचं सूत्र आहे, बाहेर सांगता येत नाही” असे उत्तर मिळाले. त्या क्षणी उठून यायला हवे होते, कारण बायोडिझेलचे, म्हणजे तेलापासून केलेल्या डिझेलचे, सूत्र हे कोणाचेही गुपित नाही. तेलात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा किंवा कॉस्टिक पोटॅश मिसळून 55 ते 60 अंशांवर तासभर ढवळायचे, मग सात-आठ तास निवत ठेवायचे, एवढीच ती कृती आहे. निवताना तळाशी ग्लिसरीनचा जड, तपकिरी थर बसतो. शंभर लिटर तेलाला दहा लिटरच्या आसपास तरी तो निघतोच. वरचे इंधन त्यानंतर पाण्याने धुऊन, सुकवून घ्यावे लागते. चाळीस मिनिटांत यातले काहीच होत नाही.

घरी आलेल्या यंत्राला प्रात्यक्षिकातल्या यंत्रापेक्षा एक नळ कमी होता. विचारल्यावर “नवीन मॉडेल” असे सांगण्यात आले. पहिल्याच घाण्याचा साबणाचा लगदा झाला. वापरलेल्या तेलात पाणी आणि सुटी आम्ले असतात. ती किती आहेत हे आधी मोजून त्या मानाने कॉस्टिक घालावे लागते, नाहीतर तेलाचा साबण होतो. हे न सांगता त्यांनी आम्हालाच “तेल खराब वापरलेत” म्हणून “शुद्धीकरण पावडर” विकली. दुसऱ्या वेळी नवे पामतेल आणून केले, तेव्हा इंधनासारखे दिसणारे काहीतरी मिळाले. ते ट्रॅक्टरमध्ये घातल्यावर चौथ्या दिवशी फिल्टर तुंबला आणि पंपाच्या दुरुस्तीला 18,000 रुपये गेले. मिस्त्रीने फिल्टर उघडून दाखवला, तर आत डिंकासारखे बसले होते.

त्याहून मोठा धोका तेव्हा कळलाच नव्हता. ते “बूस्टर” म्हणजे लेबल नसलेल्या डब्यातले मिथेनॉल होते. ते पोटात गेले तर डोळे जातात, त्याची वाफही विषारी असते आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही. ते 65 अंशांच्या आतच उकळते आणि आम्ही उघड्या कॉइलच्या हीटरवर, पत्र्याच्या बंद शेडमध्ये ते तापवत होतो. कामाला असलेल्या पोराचे डोके दुखायचे, तेव्हा आम्ही त्याला ऊन लागले म्हणत होतो. हे आठवले की पैशांचे दुःख मागे पडते.

माझा आतेभाऊ बेळगावात रसायनशास्त्र शिकवतो. त्याने आमच्या इंधनातले 3 मिलिलिटर घेऊन 27 मिलिलिटर मिथेनॉलमध्ये टाकले. पुरते बदललेले बायोडिझेल त्यात विरघळून जाते. आमच्या नमुन्यात मात्र तळाशी तेल जमले, म्हणजे काम पुरते झालेच नव्हते. मग त्याने प्रात्यक्षिकाची ती बाटली मागितली. इतके महिने उभी राहूनही तिच्या तळाशी काहीच बसले नव्हते. “दादा, याची घनता बघून ये,” तो म्हणाला. ज्या पंपाला मी शिव्या घालत होतो, त्याच पंपावर घनतामापक असतो आणि मागितल्यास तपासून दाखवतात. तापमानाचा तक्ता लावल्यावर आकडा घनमीटरला 832 किलो आला. बायोडिझेलची घनता 860 ते 900 असावी लागते आणि 832 हे साध्या डिझेलच्या मर्यादेत बसते. मला आमच्याच पंपावरचे डिझेल दाखवून यंत्र विकले होते.

करारपत्र कन्नडमध्ये होते. मी मराठी शाळेत शिकलो. बाजारापुरते कन्नड बोलतो, पण कायद्याचे कन्नड मला वाचता येत नाही आणि वाचून घेण्याची लाज वाटली. त्यात यंत्र “व्यापारी वापरासाठी” घेतल्याचे एक वाक्य होते, म्हणजे ग्राहक म्हणून तक्रारच करता येऊ नये. तयार इंधन आम्हीच विकत घेऊ, हे आश्वासन तर कागदावर नव्हतेच. तसे इंधन वाहनांसाठी विकायला ठरलेली मानके आणि नोंदणी लागते, हेही मागाहून कळले. पैसे सीमेपलीकडे दिलेले आणि यंत्र अलीकडे उतरवलेले, म्हणून दोन्हीकडच्या ठाण्यांनी एकमेकांकडे बोट दाखवले. शेवटी चिकोडीच्या वकिलांनी वाट दाखवली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावे लागते. स्वतःच्या शेतीत वापरायला घेतलेल्या वस्तूला तो “व्यापारी” शब्द लावता येत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. तारखा चालू आहेत.

गेल्या महिन्यात हुक्केरीजवळच्या पाहुण्यांचा फोन आला. तेच दोघे, नव्या नावाचा फलक आणि तेच चाळीस मिनिटांचे प्रात्यक्षिक. मी पाहुण्यांना एवढेच सांगितले की, लिटरभर इंधन काचेच्या बाटलीत भरून मागा, त्या दोघांच्या देखत पंपावर नेऊन घनता बघा आणि टाकीच्या तळाचे ग्लिसरीन कुठे आहे ते विचारा. पाहुण्यांनी बाटली पुढे केली. तासाभरात यंत्र टेम्पोत चढले होते.