जुना ट्रक विकला, मालक मात्र मीच राहिलो

गाडी विकताना गिऱ्हाईक तिचं जास्तच कौतुक करायला लागलं तर सावध व्हा. आमच्याकडे आलेल्याने भाव विचारायच्या आधी गाडीचं नाव विचारलं होतं.

टाटा १६१३, सहाचाकी, माझी पहिली गाडी. कराडला गूळ भरायचा, वाशी मार्केटला उतरवायचा, येताना मिळेल तो माल. ड्रायव्हर साईडचा दरवाजा जरा वर उचलून ओढला तरच लागायचा. नवख्याला जमायचंच नाही. याच गाडीवर घर झालं, बहिणीचं लग्न झालं. पण १५ वर्षांवरच्या जड वाहनांच्या पासिंगची, म्हणजे फिटनेस सर्टिफिकेटची फी १ एप्रिल २०२२ पासून साडेबारा हजार झाली. वर टायर, इन्शुरन्स आणि दुसऱ्या गाडीचा हप्ता. परवडेना.

भंगारवाला रोख द्यायला तयार होता. पण गॅस कटरने केबिन कापलेली मला बघवली नसती, आणि नेमकं हेच एजंटने हेरलं. त्याने आणलेला माणूस म्हणाला, "दादा, कारखान्यावर उसाला लावणार. तुम्ही जपली तशीच जपतो." वर स्टेअरिंगला हात लावून पाया पडला! भाव भंगारापेक्षा थोडाच जास्त, तरी गाडी चालती राहील म्हणून सौदा झाला. इसार एक लाख, बाकीचे आरसी नावावर झाल्यावर. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर माझ्या सह्या घेतल्या, खरेदीदाराची जागा कोरी. "ते मी नंतर भरतो," एजंट म्हणाला. नवा येईपर्यंत म्हणून फास्टॅगही माझाच राहिला.

टोलचे मेसेज यायला लागले. सुरुवातीला बरंच वाटायचं, गाडी पळतेय म्हणून. पण ऊस कारखान्याला जाणार होता ना? मग मध्यरात्री सोलापूर हायवेवरच्या सावळेश्वर टोलनाक्यावर ही काय करतेय? पुढे ई-चलनं आली आणि शेवटी तहसीलची नोटीस: विनापरवाना वाळू वाहतूक, वाहनमालक मी. खरेदीदाराचा फोन बंद. आधारच्या झेरॉक्सवरचा पत्ता भाड्याच्या खोलीचा, तीही कधीच सोडलेली. एजंट म्हणतो, मी फक्त ओळख करून दिली.

वकिलाने सांगितलं ते ऐकून तर घामच फुटला. या गाडीने कुणाला उडवलं असतं आणि इन्शुरन्स संपलेला असता तर भरपाई माझ्या बोकांडी बसली असती. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हेच सांगितलंय: गाडी मधल्या मध्ये कितीही हातांतून जाऊ दे, नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, गाडी राज्याबाहेर गेली तर ४५ दिवसांत. घेणाऱ्याला ३० दिवस. फॉर्म २९ दोन प्रतींत भरतात, त्यातली एक आरटीओच्या शेऱ्यासह आपल्याला परत मिळते. ती हातात येईपर्यंत किल्ली देऊ नका, समोरचा कितीही पाया पडो. फास्टॅगही त्याच दिवशी बँकेला सांगून बंद करा.

माझी तक्रार पोलिसांत आहे, गाडी जप्त आहे, आणि उरलेल्या पैशांवर मी पाणी सोडलंय. कायदेशीर स्क्रॅप केंद्रावर दिली असती तर नोंदणी रद्द होऊन विषय तिथेच संपला असता. हे आता राहून राहून वाटतं. तुम्ही कधी गाडी विकली असेल तर एम-परिवहन ॲपमध्ये तिचा नंबर टाकून बघा. नाव अजून तुमचंच दिसलं तर लेखी अर्ज घेऊन उद्याच आरटीओ गाठा आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.