पीएच.डी.: पूर्णवेळ करायची की नोकरी सांभाळून?

आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडे पीएच.डी.चा विषय निघाला की पहिला प्रश्न 'नेट झाली का?' (नेट म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षा) आणि दुसरा 'गाइड मिळाला का?' पूर्णवेळ की अर्धवेळ, हे बहुतेक जण प्रवेशाचा फॉर्म भरताना ठरवतात. ते आधी ठरायला हवं.

अर्धवेळ म्हणजे हलकी पदवी, असं काही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांत दोघांना वाट एकच: पदव्युत्तरला ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना ५ टक्के सवलत), १२ ते १६ क्रेडिटचा कोर्सवर्क, दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडणं, प्रबंध, बाहेरचे परीक्षक आणि शेवटी व्हायवा. किमान ३ वर्षं, कमाल ६. त्यावर २ वर्षांची मुदतवाढ मिळू शकते आणि स्त्रियांना आणखी २ वर्षं.

फरक पडतो तो पैशात आणि वेळेत. नेटमधल्या गुणांवर मिळणारी कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती (जेआरएफ) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे वरिष्ठ अधिछात्रवृत्तीचे (एसआरएफ) ४२,०००. पण ती पूर्णवेळ संशोधकालाच. बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या राज्यातल्या त्या त्या समाजघटकांसाठी आहेत, त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. अर्धवेळवाल्याचा पगार चालू राहतो, पण संशोधनाचा खर्च त्यातूनच निघतो.

वेळेचं गणित मात्र विषयावर अवलंबून आहे, आणि इथेच मुलं फसतात. समजा, साक्री-शिंदखेड्याकडची अहिराणी लग्नगीतं गोळा करायची आहेत. बाया दिवसभर शेतात. कापूस वेचणीच्या दिवसांत रविवारीही घरात कोणी सापडत नाही. गाणी मिळणार रात्री, नाहीतर लग्नसराईत हळदीच्या मांडवात. नोकरीवाल्याला नेमकी तेव्हा रजा मिळेलच असं नाही. पूर्णवेळवाला गावात आठ दिवस मुक्काम ठोकतो, आजीबाई दुसरं कडवं तिसऱ्या दिवशी आठवून सांगतात, ते त्याच्या पदरात पडतं. जुनी कागदपत्रं चाळायची असतील तरी तेच. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळातली हस्तलिखितं वाचायला तिथंच ठाण मांडून बसावं लागतं. प्रयोगशाळेच्या विषयात तर अर्धवेळ मला पटतच नाही. केळीच्या रोपावरचा रोग तुमच्या सुट्टीची वाट बघत नाही.

उलट बाजूही आहे. अनुदानित शाळेत कायम शिक्षक असाल आणि विषय शिक्षणशास्त्राचा असेल, तर रोजचा वर्गच तुमचं क्षेत्र. तिथं नोकरी सोडणं मला शहाणपणाचं वाटत नाही. फक्त संस्थेकडून ना हरकत प्रमाणपत्र आधी घ्या, आणि ते नीट वाचा. अर्धवेळ अभ्यासाला परवानगी आहे, संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कामातून मोकळं केलं जाईल, ही तिन्ही वाक्यं त्यात हवीत. तोंडी 'बघू, करू' वर विसंबू नका.

जळगाव की पुणे, हा प्रश्न त्यामानाने लहान. विषय खान्देशातला असेल तर कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठात राहून काम करा. पुण्यात खोलीभाडं भरायचं आणि फील्डवर्कला पुन्हा इकडेच यायचं, यात हशील नाही. विषयाचा जाणकार गाइड फक्त पुण्यात असेल तर मात्र बिनधास्त जा. प्राध्यापकाकडे ८, सहयोगीकडे ६ आणि सहायककडे ४ विद्यार्थी एवढीच मर्यादा असते, म्हणून जागा शिल्लक आहे का, हे आधी विचारा.

सर्वात अवघड निवड सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवणाऱ्यांची. तासिकेचे पैसे वेळेवर येत नाहीत आणि नोकरी म्हणावी तर तीही पक्की नाही. अशांनी अर्धवेळमध्ये अडकण्याआधी जेआरएफसाठी आणखी एकदा जोर लावावा, असं मी कळकळीने सांगेन. वयाची अट ३० वर्षांची आहे. स्त्रियांना आणि एससी, एसटी, ओबीसींना ५ वर्षांची सवलत मिळते. नेट वर्षातून दोनदा होते.