उद्यमबागच्या वर्कशॉपसाठी व्हिडिओ मीटिंगचं सॉफ्टवेअर: झूम, मीट, टीम्स, झोहो वापरून बघितल्यावर

बेळगावात उद्यमबागला आमचं मशीन शॉप आहे. हायड्रॉलिक पंपाचे आणि व्हॉल्व्हचे पार्ट करतो, कास्टिंग कोल्हापूरकडनं येतं, मशीनिंग इथं होतं आणि माल चाकणला, बेंगळूरला आणि गेली काही वर्षं जर्मनीतल्या एका गिऱ्हाइकाला जातो. ११ माणसं होतो तोवर व्हॉट्सॲप कॉलवर सगळं भागत होतं, आता ४३ झालो, निपाणीला दुसरं युनिट काढलं, आणि कोण कुणाला काय बोललं हे कुणालाच सापडेना. त्यात जर्मनीचं गिऱ्हाईक स्काईपवर होतं आणि ५ मे २०२५ ला स्काईपच बंद झालं. मग मालक म्हणाले, तूच बघ की एकदा नीट काय घ्यायचं ते. दोन महिने दर गुरुवारची प्रॉडक्शन मीटिंग वेगवेगळ्या ॲपवर घेऊन बघितली, गिऱ्हाइकांबरोबरचे कॉल पण तसेच घेतले. इथल्या दोन-तीन वर्कशॉपवाल्यांनी विचारलं म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतोय.

सगळ्यात आधी पैशाची गोष्ट सांगतो, कारण तिथंच माणूस फसतो. आमच्याकडं एक विक्रेता आला आणि ४३ माणसं म्हणून ४३ लायसन्सचं कोटेशन देऊन गेला. अहो, लायसन्स लागतं ते मीटिंग बोलावणाऱ्याला, येणाऱ्याला नाही. झूम असो, मीट असो, टीम्स असो, लिंकवर येणारा माणूस फुकटच येतो. आमच्यात मीटिंग बोलावणारे कोण, तर मी, क्वालिटीचे पाटील काका आणि निपाणीचा इनचार्ज. तीन माणसं. ते कोटेशन मालकांसमोर ठेवून हे समजावलं तेव्हा त्यांना पण पटलं. तुमची माणसं वाढतील तशी लायसन्स वाढवायची नाहीत, मीटिंग बोलावणारे वाढले तरच वाढवायची.

आता फुकटचं कुठपर्यंत पुरतं बघा. झूमच्या फुकट प्लॅनमध्ये १०० जण येतात पण ४० मिनिटांवर कॉल संपतो, दोघंच असले तरी. गूगल मीटला तिघं किंवा जास्त असले की ६० मिनिटं, दोघांत मात्र २४ तास चालतं. टीम्सचं फुकट पण ६० मिनिटं आणि १०० माणसं, झोहो मीटिंगचं पण साधारण तसंच. व्हॉट्सॲपवर आता ३२ जणांचा कॉल होतो आणि स्क्रीन पण शेअर करता येते, त्यामुळं छोट्या दुकानाला किंवा शहापूर-वडगावच्या साडीवाल्यांना रोजच्या कामाला तेवढं पुष्कळ आहे. पण गिऱ्हाईक ड्रॉइंग उघडून बसलंय आणि ४० मिनिटं झाली म्हणून कॉल तुटला की आपली पत जाते हो, परत जॉइन करा म्हणायचं म्हणजे जीव लाजतो. आमचं एकदा तसं झालं, चूक आमचीच होती, मर्यादा माहीत असून फुकटवर गिऱ्हाइकाला बोलावलं.

आमच्यासाठी सगळ्यात मोठी परीक्षा ड्रॉइंगची. २५ मिलीमीटरचा बोअर, म्हणजे पार्टमधलं गोल भोक, एच७ टॉलरन्स, म्हणजे मापात शून्य ते अधिक २१ मायक्रॉन एवढीच सूट. आता हा २१ समोरच्याला स्क्रीनवर २७ दिसला तर? म्हणून प्रत्येक ॲपवर एकच पीडीएफ शेअर केली आणि निपाणीच्या पोराला म्हटलं, आकडे वाचून दाखव. त्यात कळलं की ॲपपेक्षा आपण शेअर कसं करतो यावर जास्त अवलंबून आहे. अख्खी स्क्रीन शेअर करू नका, फक्त ड्रॉइंगची विंडो करा, ज्या कोपऱ्यावर बोलताय तो मोठा करून धरा, आणि लाइन कमजोर असेल तर तेवढ्यापुरता आपला कॅमेरा बंद करा. झूममध्ये शेअर करताना व्हिडिओ क्लिपसाठीची एक टिक असते, ती ड्रॉइंगला लावायची नाही, लावली तर चित्र हलतं छान पण बारीक अक्षरं धूसर होतात. आणि झूमची एक गोष्ट मला मनापासून आवडली, समोरचा माणूस आपल्या ड्रॉइंगवर स्वतः लाल गोल काढू शकतो. जर्मनीचे साहेब तिकडनं गोल काढतात, पाटील काका इकडनं बाण मारतात, आणि ते तसंच सेव्ह करून जॉब कार्डाला लावतो. इंग्रजीत दहा वाक्यं जुळवत बसण्यापेक्षा हे किती बरं. टीम्समध्येही स्क्रीनवर खुणा करता येतात, पण आमच्या दोन्ही बाजूंच्या माणसांच्या हाताला झूमचं पटकन बसलं.

दुसरी परीक्षा आवाजाची. शॉप फ्लोअरवर व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) चालू, बाजूला ग्राइंडर, कोपऱ्यात कॉम्प्रेसर. झूममध्ये मागचा आवाज दाबायची सोय फुकटमध्येही आहे, कमी, मध्यम, जास्त असं ठरवता येतं. टीम्समध्ये पण आहे. मीटमध्ये मात्र ती गूगल वर्कस्पेस या पैसे भरून घ्यायच्या पॅकेजच्या बिझनेस स्टँडर्ड प्लॅनपासनं वर मिळते, खालच्या स्टार्टरमध्ये नाही, हे घेण्याआधी बघून घ्या. जास्तवर ठेवलं की ग्राइंडरचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो, मला पहिल्यांदा खरंच आश्चर्य वाटलं.

पण इथं एक गंमत झाली. टेस्ट रिगवर पंप लावून गिऱ्हाइकाला त्याचा आवाज ऐकवायचा होता, कारण पंपात कॅव्हिटेशन असलं, म्हणजे आत बुडबुडे होऊन फुटत असले की खडी फिरल्यागत आवाज येतो आणि जाणकार माणूस नुसत्या आवाजावरनं ओळखतो. आम्ही पंप चालू केला आणि तिकडं काहीच ऐकू जाईना, ॲपनं पंपाचा आवाज गोंगाट समजून काढून टाकलेला. झूममध्ये यासाठी ओरिजिनल साउंड म्हणून सेटिंग आहे, खरं तर गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी केलंय, ते चालू केलं आणि पंप जसाच्या तसा ऐकू गेला. मशीनरीवाल्या कुणीही हे एवढं एक लक्षात ठेवा.

मीटचं सांगायचं तर घरातल्या, म्हणजे आपल्याच माणसांच्या मीटिंगला तेच बरं. निपाणीच्या पोरांनी मोबाइलवर कॅलेंडरची लिंक दाबली की आत, काही शिकवावं लागलं नाही, कॉम्प्युटरवर तर ब्राउझरमध्येच उघडतं. आमचे ईमेल आधीपासनं वर्कस्पेस स्टार्टरवर आहेत, त्यात १०० जणांचं मीट येतंच आणि वेळेची अडचण नाही. रेकॉर्डिंग मात्र स्टार्टरमध्ये नाही, ते स्टँडर्डपासनं, तिथं माणसांची मर्यादा पण १५० आहे. आम्हाला आतल्या मीटिंगचं रेकॉर्डिंग नको होतं म्हणून वर गेलो नाही. मिनिट्स हातानंच लिहितो. आमची मीटिंग म्हणजे निपाणीवाले मराठीत, गोकाककडचे ऑपरेटर कन्नडमध्ये, मधेच कुणीतरी हौद्री (हो जी) म्हणतं, नंतर सगळे हिंदीवर येतात, त्याचा सारांश ॲपवर सोडण्याइतकी हिंमत मला अजून झालेली नाही. दोन ओळींत कुणी काय करायचं आणि कधीपर्यंत एवढं लिहून ग्रुपवर टाकतो.

टीम्स आम्ही विकत घेतलं नाही, पण ते टाळता येत नाही हेही खरं. मोठ्या कंपन्यांचा आयटी विभाग दुसरी ॲप चालूच देत नाही, चाकणच्या गिऱ्हाइकाकडनं फक्त टीम्सचीच लिंक येते. त्यांच्या मीटिंगला जायला आपल्याला लायसन्स लागत नाही, क्रोम किंवा एजमधनं पाहुणा म्हणून जाता येतं. ॲप टाकून ठेवा, माइक-कॅमेऱ्याची परवानगी आदल्या दिवशी देऊन ठेवा, ऐनवेळी शोधत बसू नका. आणि एक्सेल-वर्डसाठी ज्यात टीम्स येतं असा मायक्रोसॉफ्ट ३६५ चा प्लॅन तुम्ही आधीच भरत असाल तर ३०० माणसांपर्यंतचं टीम्स तुमच्याकडं आहेच, मग दुसरं कशाला घेता? एक मात्र सांगतो, ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर कॅड आणि व्हिडिओ मीटिंग एकत्र चालवायला जाऊ नका, कुठलंही ॲप घ्या, दोन्ही अडकतात.

झोहो चेन्नईची कंपनी, आपल्या देशातली, म्हणून मला फार इच्छा होती त्यांचं घ्यावं. मीटिंगचं ॲप साधं, स्वच्छ, ब्राउझरमध्ये चालतं. ज्यांचं बिलिंग-हिशोब झोहोवर आहे त्यांनी बिनधास्त घ्यावं. आमचं सगळं टॅलीवर आणि गिऱ्हाइकांना नवीन नाव सांगायचं म्हटलं की त्यांचा आयटीवाला परवानगी मागत बसतो, म्हणून थांबलो. जित्सी पण बघितलं, फुकट आणि ओपन सोर्स आहे, स्वतःच्या सर्व्हरवर टाकता येतं, पण सर्व्हर सांभाळायला माणूस पाहिजे, तो आमच्याकडं नाही.

सुरक्षेबद्दल लोक अजून झूमला बिचकतात, कारण एप्रिल २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयानं हे सुरक्षित नाही म्हणून सूचना काढली होती. त्यानंतर झूमनं बऱ्याच सुधारणा केल्या, ऑक्टोबर २०२० पासनं दोन्ही टोकांना कुलूप लावल्यागत एंड टू एंड एन्क्रिप्शन पण दिलं, फक्त ते चालू केलं की क्लाउड रेकॉर्डिंग वगैरे बंद होतं. पण खरा धोका आपल्याच सवयीत असतो. मी सगळ्या गिऱ्हाइकांना माझी एकच कायमची लिंक देत होतो. एका दिवशी अकराची मीटिंग लांबली, आणि साडेअकराचं गिऱ्हाईक सरळ आत आलं, स्क्रीनवर दुसऱ्याचं ड्रॉइंग. गुप्ततेचा करार केलेलं ड्रॉइंग. मी कॉल तिथंच बंद केला, दोघांना फोन करून माफी मागितली, रात्री झोप लागली नाही. तेव्हापासनं प्रत्येक मीटिंगला नवी लिंक, पासकोड, आणि वेटिंग रूम कायम चालू, म्हणजे आपण आत घेतल्याशिवाय कुणी येत नाही.

आणि लाइन. ॲपला शिव्या घालण्याआधी अपलोड तपासा, डाउनलोड नाही. गिऱ्हाईक जे बघतं ते आपल्या अपलोडवरनं जातं. झूमच्याच माहितीप्रमाणे दोघांच्या बऱ्यापैकी व्हिडिओला ६०० केबीपीएस आणि ७२०पी ला १.२ एमबीपीएस लागतं, म्हणजे आकडा मोठा नाही, पण तो सलग मिळायला पाहिजे. मोबाइल डेटावर असाल तर १ एमबीपीएस सतत चालला की तासाला ४५० एमबी जातात, हा हिशोब सुपरवायझरला सांगून ठेवा. पावसाळ्यात खानापूर साइडला लाइट गेली की आमचा तिकडचा मुलगा फक्त आवाजावर येतो, व्हिडिओ बंद, त्याला १०० केबीपीएस पण पुष्कळ होतं आणि मीटिंग चालू राहते. आम्ही राऊटरला छोटा यूपीएस लावला आणि दुसऱ्या कंपनीची एक लाइन घेतली. खरं सांगतो, लायसन्सच्या पैशापेक्षा या दोन गोष्टींनी जास्त फरक पडला. तिसरी गोष्ट टेबलावर ठेवायचा माइक-स्पीकर. एका खोलीत दोन लॅपटॉपचे आवाज चालू ठेवले की शिट्टी मारल्यागत घुमतं, एकच चालू ठेवायचा.

जर्मनीचा वेळेचा घोळ पण होतो. उन्हाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं, हिवाळ्यात साडेचार, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. मीटिंग त्यांच्या वेळेवर लावली की कॅलेंडर आपोआप आपल्याकडं बदलून दाखवतं, नुसतं तोंडी ठरवलं की एक तास कुणीतरी वाट बघत बसतं.

शेवटी काय घेतलं? झूम प्रोची दोन लायसन्स, गिऱ्हाइकांसाठी, त्यात मीटिंग ३० तासांपर्यंत चालते आणि क्लाउड रेकॉर्डिंग येतं. एक माझ्याकडं, एक पाटील काकांकडं. निपाणीचं काम मीटवरच भागतं. बिल घेताना कंपनीचा जीएसटी नंबर आधी टाका, १८ टक्के लागतो तो क्रेडिटमध्ये मिळतो, नंतर दुरुस्त करायला डोक्याला ताप. वर्षाचं एकदम भरणार असाल तर अजून एक, रिझर्व्ह बँकेच्या नियमानं १५,००० रुपयांवरच्या आपोआप कटणाऱ्या पेमेंटला दर वेळी ओटीपी लागतो. आमचं कार्ड मालकांच्या नावावर आणि ओटीपी त्यांच्या जुन्या नंबरवर जात होता, तो बदलून घेतला. डिसेंबरात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असलं की बेळगावात हॉटेलला खोली मिळत नाही, तेव्हा बेंगळूरच्या गिऱ्हाइकाचं इन्स्पेक्शन या वेळी झूमवरच घेणार आहोत, पाटील काकांनी मोबाइलचा स्टँड बोअर गेजसमोर लावून तयारी पण सुरू केलीय.